गॅप कमी झालाय

आमच्या दाजींना कोणाच्या घरी पाहुणा म्हणून नेणं म्हणजे विकतचं दुखणं. दारात चपला काढल्या की त्यांची नजर आधी खाली जाते. घरधनी म्हणतो, "या, बसा." दाजी फरशीकडे बघत विचारतात, "कोणी बसवली?" एकदा तर एका लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्या दिवाणखान्यात ते चक्क गुडघ्यावर बसले, फरशीला कान लावला, बोटानं टकटक केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे खाली पोकळ आहे." लग्न ठरलं, पण मुलाचे वडील अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फरशी बसवणारे मिस्त्री. कामावर सगळे त्यांना 'लेव्हल' म्हणतात. लेव्हल आला का, लेव्हलला विचारा, लेव्हल चिडलाय, असं. त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं चालत नाही, ताटातली वाटी कडेला चालत नाही. ताई म्हणायची, "माझी मान जरा वाकडी असती तर ह्यांनी मला पसंतच केलं नसतं." दाजी म्हणायचे, "वाकडी होती. मी सरळ केली." ह्यावर ताई त्यांच्याकडे जे बघायची, त्यात मान किती सरळ झाली होती ते मला दिसायचं.

मी फरशीच्या दुकानात काउंटरवर असतो. गिऱ्हाईक फरशी निवडतं आणि विचारतं, चांगला मिस्त्री आहे का? मी दाजींचा नंबर देतो. दोन दिवसांनी त्याच गिऱ्हाइकाचा फोन येतो, की तुमचा मिस्त्री आमचं ऐकत नाही. भांडण ठरलेलं. गिऱ्हाइकांना हल्ली एकसंध जमीन हवी असते. दोन फरश्यांमधली रेघ दिसता कामा नये. जॉइंटलेस. आणि दाजी म्हणणार, गॅप ठेवावाच लागतो.

"अहो, उन्हानं फरशी फुगते," ते समजवायचे. "तिला जागा नाही ठेवली तर शेजारणीला ढकलते. मग दोघी उठतात. सासू-सून एका खोलीत कोंबल्यासारखं होतं." गिऱ्हाइकानं तरीही ऐकलं नाही तर हत्यारं पिशवीत भरून निघून यायचे. असा माणूस. मोडेन पण वाकणार नाही, म्हणायला. प्रत्यक्षात दिवसभर वाकूनच काम.

कंबर दुखायचीच. उकिडवं बसून, गुडघ्यावर सरकत ज्याचा जन्म गेला त्याची कंबर दुखणार नाही तर काय? मागे एकदा फारच धरली तेव्हा एका हाडांच्या दवाखान्यात फोटो काढला होता. तिथल्या माणसानं फोटो उजेडाकडे धरून सांगितलं, "मणक्यात गॅप आहे." झालं. गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा दिला.

हा गॅप आपल्याकडे घरोघरी असतो. कोणाला चौथ्या मणक्यात, कोणाला पाचव्यात. दोन गॅपवाले भेटले की एका शाळेत शिकल्यासारखे बोलतात. पण गॅप म्हणजे नक्की काय, हे आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, कण्याचे दोन मणके एकमेकांपासून सुटलेत, मधे फट पडलीय, आणि ती फट बुजायला हवी. दाजींनाही तेच वाटत होतं. सकाळी ते दाराच्या चौकटीला लोंबकळायचे. मी म्हटलं, "दाजी, ओढून तर फट आणखी वाढेल की." ते म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही फरशी विका." मी फरशी विकायला गेलो.

हाताचं सुरू झालं ते मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. दुखलं असतं तर आलं असतं. आधी कप पडला. मग बशी. ताई चिडायची, "हाताला लोणी लावून बसता का हो?" दाजी म्हणायचे, कपाचा कानच लहान आहे. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला तेव्हा त्यांनी बिनबटणाचे सदरे घालायला सुरुवात केली आणि उकडतंय म्हणून सांगितलं. चालताना पाय जपून टाकायचे, नुकत्याच घातलेल्या ओल्या कोब्यावरून चालावं तसे. मी विचारलं तर चपलेवर ढकललं. एकदा एवढंच बोलले, की मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरतो, अगदी टाचेपर्यंत. हसून म्हणाले, "बघा, अजून करंट आहे."

दवाखान्यात जायला तयार नव्हते. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" हे त्यांचं पालुपद. शेवटी ताईनं भांड्यांचा आवाज करकरून त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तक्रार सांगितली ती कमरेची. हाताचं ताईनं उठता उठता सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, चहाडी म्हणून. "आणि अहो डॉक्टर, हे हल्ली सगळं पाडतात." डॉक्टरांनी परत बसवलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय फारच जोरात उडाला. मग कमरेचा आणि मानेचा, दोन्हींचा स्कॅन लिहून दिला आणि बजावलं, "रिपोर्ट आला की लगेच मला दाखवा."

"दुखतं कमरेत, आणि फोटो मानेचा," दाजी रस्ताभर कुरकुरले. "गळतंय मोरीत आणि हा छत फोडायला सांगतोय."

स्कॅनच्या खोलीत मी सोबत गेलो होतो, दारापर्यंत. अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. दाजींच्या खिशातून पट्टी, दोन खिळे आणि फरशीवर रेघ मारायची टोकदार कांडी निघाली. तिथली मुलगी म्हणाली, "काका, हे काय सगळं?" दाजी म्हणाले, "दागिने." मग त्यांना त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. अजिबात हलायचं नाही म्हणून सांगितलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता, पण तोंड बंद नव्हतं. "आत कोणीतरी फरशी कापतंय हो. ब्लेड बदलायला आलंय त्याचं."

आता तो रिपोर्ट.

आमच्या ताईच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना हेडक्लार्क म्हणतात. आयुष्यभर कचेरीत कागद वाचले, आणि आता आळीतले वाचतात. विजेचं बिल, विम्याची नोटीस, मुलाच्या कंपनीचं पत्र, सगळं त्यांच्याकडे. माणूस सरळ, नडीला धावून येणारा, एक पैसा न घेणारा. दोष एकच. 'मला कळत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन मी ताईकडे गेलो तर हेडक्लार्क चष्मा पुसून तयार. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. दाजी खुर्चीत, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कोणाचं चाललंय. कागद दोन होते. कमरेचा लांबलचक, मानेचा आखूड. हेडक्लार्कांनी लांबलचक आधी घेतला, कारण जास्त मजकूर म्हणजे जास्त महत्त्वाचं, असा कचेरीचा हिशेब.

"हं. इथे झीज म्हटलंय. वयोमानानुसार. ते सगळ्यांनाच असतं, मलाही आहे." मग बोट पुढे सरकलं, थांबलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मिस्त्री! अहो मिस्त्री! डिस्क स्पेस रिड्यूस्ड लिहिलंय. रिड्यूस्ड म्हणजे कमी झाला. तुमचा गॅप कमी झालाय!"

"काय सांगता?" ताई म्हणाली.

"हे काय, छापलंय इथे. चौथ्या-पाचव्यातला कमी, पाचव्याच्या खालचा तर फारच कमी. आणि थांबा, मानेतही तेच. तिथेही कमी."

ताईनं हात जोडले. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. मीही हसलो. का हसू नये? ज्या माणसाला गॅप आहे म्हणून इतकी वर्षं पट्टा बांधला, त्याचा गॅप कमी झाला म्हणून यंत्रानं लिहून दिलं होतं. दाजींनी दाराच्या चौकटीकडे असं पाहिलं की जणू तिचा सत्कार करायचा बाकी होता. "बघा," ते मला म्हणाले, "तुम्ही म्हणत होता, वाढेल."

मानेच्या कागदावर शेवटी एक ओळ राहिली होती. हेडक्लार्क तिथे जरा अडखळले. "कॉर्ड… सिग्नल चेंज… हे काहीतरी मशीनचं दिसतंय. मधेच सिग्नल गेला असेल. टीव्हीला नाही का जात?" आम्ही माना डोलावल्या. टीव्हीला जातो, हे खरंच होतं.

ताईनं चहात दुप्पट साखर घातली. डॉक्टरांना लगेच दाखवायचं होतं, ते मी आठवणीनं सांगितलं, पण दाजी म्हणाले, "चांगला आहे तर त्यांचा वेळ कशाला खायचा? आजारी माणसं बसलेली असतात तिथे." इतका विचारी माणूस मी त्याच संध्याकाळी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोठ्या घराचं काम अंगावर घेतलं. खाली प्रशस्त दिवाणखाना, वर चार खोल्या. पुढचे काही महिने ते तिथेच होते.

त्या घराची मालकीण एक दिवस दुकानात आली. मला वाटलं, नेहमीचं जॉइंटलेस. पण बाई खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचे मिस्त्री चांगले आहेत हो, पण त्यांना बरं नाहीये का? आम्हाला बोलता येत नाही त्यांना."

मी दुपारी गेलो. दिवाणखान्याची अर्धी जमीन झाली होती. दाजी पाठमोरे गुडघ्यांवर बसलेले. दोन फरश्यांमधे सारखी जागा राहावी म्हणून प्लास्टिकचे छोटे पांढरे क्रॉस लावतात, ते स्पेसर त्यांच्या पुढ्यात सांडले होते. दाजी त्यातला एक उचलायचा प्रयत्न करत होते. चिमटीत येत नव्हता. बोटं त्याच्यावर जात होती, पण धरत नव्हती, झोपेतल्या माणसाची असावीत तशी. मग त्यांनी तळहात पाण्यात बुडवला, स्पेसरवर दाबला आणि जो चिकटला तो फटीत नेऊन झटकला. चिकटला तो भलत्याच ठिकाणी पडला. परत तळहात पाण्यात.

मी तसाच उभा राहिलो. हाक मारायची हिंमत होईना. पण त्यांना माझी सावली दिसली.

"मेव्हणे, आलाच आहात तर ती पांढरी फुलं जरा उचलून द्या."

मी बसलो आणि एकेक देऊ लागलो.  ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझा जगन्नाथ कुठे गेला कळेना." मी म्हटलं, थकवा असेल. एवढं मोठं काम. ते म्हणाले, "असेल."

मग उठले आणि पडले. कशाला अडखळले नाहीत, घसरले नाहीत. पाय पुढे टाकायचा होता, तो आलाच नाही. जिथे पडले तो भाग त्यांनी आदल्या आठवड्यात बसवला होता, आरशासारखा सपाट. मी धावलो. ते पडल्या जागी फरशीवर तळवा फिरवत होते. "लेव्हलमध्ये आहे ना?" ते म्हणाले. "बघा बरं, उंचसखल लागतंय का कुठे?" मी म्हटलं, "नाही हो." "मग पडलो कसा?"

मी त्यांना धरून उठवलं. त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लगेच मणक्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आमच्यासमोरच म्हणाले, "उद्या नको, आजच बघा."

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान असतील. आवाज शांत. त्यांनी आधी रिपोर्ट उघडलाच नाही. दाजींना मुठी भराभर उघडझाप करायला सांगितलं. दाजींनी केली, म्हणजे त्यांना वाटलं भराभर केली. त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला बाईंनी टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. दाजींना त्याचं हसू आलं. "हा माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो."

"आता सरळ रेषेत चाला," बाई म्हणाल्या. "एका पावलाला दुसरं लावून. ह्या फरशीच्या जॉइंटवरूनच चाला."

दाजी उभे राहिले. खाली बघितलं, सवयीनं आधी रेघ तपासली. मग पाऊल टाकलं आणि डावीकडे कलले. पुन्हा टाकलं, भिंत धरली. तिसऱ्याला मी जाऊन खांदा दिला. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, ही लाइनच वाकडी आहे. बसवणाऱ्यानं दोरी धरली नाही."

मी पाहिलं. माझाही जन्म फरशीत गेलाय. लाइन सरळ होती. भिंतीपासून दारापर्यंत दोरीसारखी सरळ.  ताईही खाली बघत होती.

मग बाईंनी फिल्म दिव्यावर लावली. आधी कमरेची. "काका, इथे तुम्हाला दुखतं. रिपोर्टमध्ये इथलं पुष्कळ लिहिलंय, भीती वाटावी इतकं. पण ही झीज तुमच्या वयाला आणि तुमच्या कामाला धरून आहे. न दुखणाऱ्या माणसाचा फोटो काढला तरी असं बरंच काही निघतं. व्यायाम करून, जपून राहून हिच्यासोबत जगता येतं. आता मान बघा." दुसरी फिल्म. "ही राखाडी दोरी दिसते ना, ती मज्जारज्जू. मेंदूचे निरोप हिच्यातून हातापायांना जातात. वरून सरळ येतेय, आणि इथे चिमटलीय. चिमटलीय तिथे आत पांढरा डाग आहे. सिग्नल चेंज म्हणतात तो हाच. म्हणजे दोरीला इजा व्हायला लागलीय. तुमची मान दुखत नाही, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही."

"पण मॅडम," ताई म्हणाली, "गॅप तर कमी झालाय ना? लिहिलंय त्यात."

बाईंना पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांनी चष्मा काढला. "काकू, गॅप असायलाच हवा. दोन मणक्यांच्या मधे एक मऊ उशी असते. ती सुकली, बसली, की वरचा मणका खाली येतो. गॅप कमी होतो. तो कमी होणं हाच आजार. लोक गॅप आहे, गॅप आहे म्हणतात, ते सगळं उलटं आहे."

 मी दाजींकडे पाहिलं.  ज्या माणसानं सगळं आयुष्य लोकांना ओरडून सांगितलं की जागा ठेवा, जागा ठेवा, त्याला हे दुसऱ्या कोणी सांगावं लागत होतं.

"म्हणजे माझं जॉइंटलेस झालं," दाजी म्हणाले.

बाईंना संदर्भ ठाऊक नव्हता, पण त्या हो म्हणाल्या.

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. गळ्याच्या पुढून एक छेद. दाबणारी उशी काढायची, दोरी मोकळी करायची, मधे एक छोटा ठोकळा बसवायचा, दोन मणक्यांत हवं तेवढं अंतर राहावं म्हणून. "स्पेसर," दाजी म्हणाले. "हो, स्पेसरच. वर प्लेट आणि स्क्रू." धोके सांगितले, तेही लपवून न ठेवता. दाजी गिऱ्हाइकाच्या घरी माप घेताना ऐकतात तसं ऐकत होते.

"आणि नाही केलं तर?" ताईनं विचारलं.

"वाढत जाईल. कधी हळूहळू, कधी एखाद्या पडण्यानं एकदम. चालणं जाऊ शकतं."

"आणि केलं तर हात पहिल्यासारखे होतील?"

"आहे ते टिकावं म्हणून करायचं, काकू. काही जणांचं थोडं परत येतं. किती, ते मी सांगू शकत नाही. लवकर आला असता तर जास्त आशा होती."

ताईला संताप आला. माझी बहीण दवाखान्यात आवाज चढवणारी बाई नाही, पण त्या दिवशी चढवला. "म्हणजे गळा कापून घ्यायचा, तो आहे तेवढंच राहायला? घरात भिंत खचली म्हणून मिस्त्री बोलवावा, आणि त्यानं पैसे घेऊन खचलेलीच ठेवावी?" बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना सवय असणार. दाजींनी ताईच्या दंडाला हात लावला. म्हणजे मनगटानं लावला, बोटं तशीच लोंबत होती. "अगं, खचलेली भिंत टेकू देऊन धरतात आधी," ते म्हणाले. "मी किती वेळा धरलीय. करा मॅडम."

ऑपरेशन झालं. त्याचं काय सांगू? बाहेरच्या बाकावर मी आणि ताई. ताई सारखी म्हणत होती, "त्या कागदात छापलेलं होतं रे. छापलेलं." हेडक्लार्क डबा घेऊन आले. डबा ठेवला आणि कोपऱ्यात उभे राहिले. इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांना बसायला सांगावं लागलं. म्हणाले, "मला कळलं नाही हो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्यावर चिडायची मी पुष्कळ तयारी करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. शब्दकोशात बघितलं असतं तरी रिड्यूस्डचा अर्थ कमी असाच निघाला असता. त्यांचं इंग्रजी बरोबर होतं. चुकीची होती ती आमची मराठी.

दाजी घरी आले. गळ्याला पट्टा, हनुवटी वर. ताठ मानेचा माणूस, असं मी म्हटलं, आणि ते हसले. चालणं सुधारलं. पूर्ण नाही, पण भिंत सोडून दारापर्यंत जाऊ लागले. विजेचा झटका गेला. कंबर होती तशी दुखत राहिली, तिचं कोणी मनावर घेतलं नाही. रोज सकाळी टेबलाशी बसून ते हाताचे व्यायाम करायचे. वाटीतले शेंगदाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. ताई स्वयंपाकघरातून बघायची आणि आम्ही कोणी आलो की हळूच सांगायची, "आज बरे उचलले." दुसऱ्या दिवशी विचारलं तर विषय बदलायची.

मग ते मोठं घर दुसऱ्या मिस्त्रीनं पुरं केलं. दाजींनी मला त्याला फोन लावायला सांगून निरोप दिला, की खिडकीच्या बाजूला जागा जास्त ठेव, तिथे ऊन येतं. त्यानं ठेवली की नाही ते मला माहीत नाही. मी बघायला गेलो नाही.

मानेचा पुन्हा स्कॅन झाला. रिपोर्ट मी आणला. आता तो वाचायला मला कोणी लागत नव्हतं. बाईंनी मला सगळे शब्द समजावले होते आणि मी ते पाठ केले होते, सिग्नलसकट. ताईनं पाणी दिलं आणि दाजींच्या शेजारी बसली.

"वाच," ती म्हणाली.

"ठोकळा जागच्या जागी आहे. प्लेट, स्क्रू सगळं व्यवस्थित. दोरीवरचा दाब गेलाय."

"आणि गॅप?" दाजींनी विचारलं.

"हवा तेवढा आहे. बरोब्बर."

"लेव्हल?"

"लेव्हलमध्ये." हे रिपोर्टमध्ये ह्या शब्दांत नव्हतं, पण अर्थ तोच होता. "मणके एका ओळीत आहेत. खाली लिहिलंय, समाधानकारक."

"काम चांगलं केलंय बाईंनी," दाजी म्हणाले. एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती, आणि मनापासून होती. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "हाताचं काय लिहिलंय?"

मी कागद वरपासून पाहिला. मागची बाजू पाहिली. मान होती, मणके होते, दोरी होती, स्क्रूची लांबीसुद्धा होती.

"काही नाही लिहिलेलं."

"नीट बघा, मेव्हणे. असेल कुठेतरी."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ताईही वाकून बघू लागली, तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसताना.

"दाजी, हा मानेचा रिपोर्ट आहे," मी म्हटलं. "ह्यात हात येत नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग हाताचा कुठे काढून मिळतो?"

त्यांनी हे थट्टेनं विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ते माझ्याकडे बघत थांबले होते, मी पत्ता सांगेन म्हणून.